चेअरमन उभे आहेत तोवर

आमच्याकडं बँड किती वेळ वाजवायचा हे वाजवणारे ठरवत नाहीत, पाहुण्याचे पाय ठरवतात. पाहुणा गाडीतून उतरला की सुरू, खुर्चीत टेकला की बंद. सूर कुठंही लोंबकळत असो, पीएनं हात वर करून मूठ आवळली की तिथंच तोडायचं. शाळेच्या खोलीचं उद्घाटन असो, पाण्याच्या टाकीचं असो, टाकीत पाणी नसलं तरी असो, नियम एकच. तो कुठं लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर त्याच्याविरुद्ध एखादं पत्रक तरी काढता आलं असतं.

पत्रकं हे आमच्या घरचं खाणंपिणं. बाबा बीडला एसटी स्टँडामागच्या एका छापखान्यात कामाला होते. दिवसा लग्नपत्रिका छापायचे आणि उरलेल्या शाईत पत्रकं. ऊसतोड कामगारांची, धरणातल्या पाण्याची, रेशनची. घरात खाटेखाली गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, त्यामुळं ‘धिक्कार’ मला ‘धडा’च्या आधी लिहिता यायला लागलं. बाईंनी पहिलीत विचारलं होतं, ‘भ’पासून शब्द सांगा. बाकीची पोरं भटजी, भाकर म्हणाली. मी ‘भांडवलदार’ म्हणाले आणि बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शिवी दिली.

अशी मी एका सहकारी साखर कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. कारखान्याची शिक्षणसंस्था, संस्थेचं कॉलेज, आणि कॉलेजातली काही पोरं-पोरी नि कारखान्यातली काही माणसं मिळून बँड. सभासदांच्या उसाच्या बिलातून संस्थेसाठी कपात व्हायची, त्यातून आमची वाद्यं आणि मास्तरांचा पगार. म्हणजे बँड सभासदांचा. सहकारात सगळं सभासदांचंच असतं, फक्त ते त्यांना वापरता येत नाही.

मास्तर सैन्याच्या बँडमधून रिटायर होऊन आलेले, पाटोद्याकडचे. ताठ, बुटके, चेहऱ्यावर कायम कुणीतरी बेसूर वाजवल्यासारखा भाव. त्यांना कुणी ‘बँडवाले’ म्हटलं की ते म्हणायचे, “वरातीत वाजिवतेत त्येबी कलाकारच हायत, पण आमी वायले.” बेस ड्रम वजनकाट्यावरच्या मामांकडं होता. उसाच्या गाड्या मोजणारा माणूस ताल धरतो म्हटल्यावर पोरं त्यांना सोडायची नाहीत. “मामा, इथं काटा मारू नका!” मामा ढोलावर काठी टेकवून म्हणायचे, “तुमच्या बापाच्या उसाला वजन नसतंय बे, मी काय करू?”

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मी सांगते तो त्याच्या आधीचा भाद्रपद. पालीजवळ बिंदुसरेच्या धरणात गाळाला भेगा पडल्या होत्या. पावसानं आधीच्या वर्षीही दगा दिला होता. शेतात ऊस नव्हता, म्हणजे कारखाना चालणार नव्हता, म्हणजे कपात नव्हती, म्हणजे बँड नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वार्षिक सभा तेवढी व्हायची होती, आणि तिच्यात चेअरमनसाहेबांचं आगमन तेवढं वाजवायचं होतं. मग वाद्यं स्टोअरमध्ये.

तेव्हा मास्तरांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली.

तिच्यात एका मोठ्या रचनेचे कागद होते. कुण्या परदेशी माणसानं चाळीसेक वादकांच्या बँडसाठी लिहिलेली. विषय चीनचा पहिला सम्राट. पहिल्या भागाचा मथळा मास्तरांनी वाचून दाखवला, ‘सम्राटाचं आगमन’, आणि मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली.

“मास्तर, मी राजाची मिरवणूक वाजवणार नाही.”

“कावून?”

“तत्त्व आहे.”

“तत्त्व हाय,” मास्तर म्हणाले. “बरं. आधी शेवटपर्यंत वाच, मग तत्त्व सांग.”

मी कागद घरी नेले. सूर मला नुसते वाचून ऐकू येत नसत, पण प्रत्येक भागावर चार ओळींची गोष्ट लिहिलेली होती, आणि जे कळलं नाही ते मी कॉलेजच्या लायब्ररीतून शोधून काढलं. पहिल्या भागात सम्राट येतो. तुताऱ्यांसारखे कॉर्नेट, मागं मोठा ढोल. दुसऱ्या भागात भिंत, तेच तेच सूर एकावर एक रचत जाणारे, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्याच्या पुढंही. तिसरा भाग विचित्र होता. सम्राट दौऱ्यावर असताना मेला, पण दरबारातल्या माणसांनी ते कुणाला कळू दिलं नाही. बंद गाडीत प्रेत, बाहेर रोज जेवणाची ताटं पोचती होतायत, कारभारी आत जाऊन सल्ला घेतल्यासारखं करतायत. उन्हाळा होता, वास सुटला. तर वासावर वास म्हणून त्यांनी मागं खारवलेल्या मासळीच्या गाड्या जोडल्या आणि मिरवणूक चालू ठेवली.

हे मी वाचलं आणि मला आमचा कारखाना दिसला. चिमणीतून धूर नाही, गव्हाणीत ऊस नाही, पण चेअरमनच्या केबिनबाहेर चहाचे कप जातायत आणि सह्या होऊन कागद बाहेर येतायत.

चौथ्या भागाचं नाव ‘पाऊस’. राजाच्या कामावर हाकललेले काही शेतकरी वाटेत पावसानं अडकले. उशीर झाला तर मरणाची शिक्षा, असा कायदा. नदी ओलांडता येईना. तेव्हा ते आपसात बोलले: गेलो तरी मरायचं, पळालो तरी मरायचं. मग उठलेलं काय वाईट? आणि उठले. भिंतीवाला, मातीच्या सैन्यावाला, अमर व्हायची औषधं शोधणारा तो सगळा डोलारा पुढच्या थोड्याच वर्षांत खाली आला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हणाले, “वाजवते. पण शेवटासकट.”

मास्तरांनी कागदांच्या कडा जुळवल्या. मग ते म्हणाले, “हे कागद माझ्यापाशी जवानीपासून हायत. पलटणीत कैकदा वाजिवलं. जनरल बसला की बंद. मंत्री बसला की बंद. तिसऱ्या भागाच्या पुढं मी कधी गेलतो असं मला आठवत न्हाई. शेवट कसा वाजतो ते मी ऐकलेलंच न्हाई, पोरी.”

एका माणसानं सबंध आयुष्य एक गोष्ट सांगावी आणि दर वेळी कुणीतरी खुर्चीत बसलं म्हणून ती अर्धी राहावी. माझं डोकं तापलं ते तिथं. सम्राट, चेअरमन, जनरल सगळे बाजूला. हा शेवट वाजलाच पाहिजे, एवढंच.

तालीम साखरेच्या रिकाम्या गोदामात व्हायची. फरशी चिकट, मुंग्यांच्या रांगा, मळीचा जुना वास आणि वर पत्रा. टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही. ट्रॉम्बोनवाला नळी उलटी करून आतली थुंकी झटकायचा तेव्हा मामा ओरडायचे, “अरं नासू नको! गावात नळाला न्हाई आन् ह्येच्या भोंग्याला पाणी आलंय!” चौथ्या भागात पावसाचा आवाज काढायला वाद्यं नव्हती. अर्ध्या बँडनं चुटक्या वाजवायच्या, मग मांड्यांवर बोटं, मग तळवे, मग पायांनी फरशी. पत्र्याखाली तो आवाज खरोखर पावसासारखा भरून यायचा, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप यायचा. चीनच्या लोकांना बंड करायला निदान पाऊस आला. आमच्याकडं तो येत नाही आणि माणसं टँकरपुढं भांडी लावून एकमेकांशी भांडतात.

शेवट माझ्या वाद्यावर होता. सगळा बँड कोसळून थांबतो आणि एकटी क्लॅरिनेट एक लांब सूर धरते, बारीक करत करत सोडते. त्यानंतर कागदावर एक रिकामी जागा होती आणि तिच्यावर थांबण्याची खूण. मास्तर म्हणाले, “ही जागाबी वाजवायची हाय. माझा हात वर हाय तोवर कुणी श्वास सोडायचा न्हाई. शांतता म्हंजे सुट्टी न्हवं.”

सभेच्या आठवडाभर आधी चेअरमनसाहेब गोदामात आले. पांढरा शर्ट, पायात चकचकीत चप्पल, मागं पीए. आम्ही पहिला भाग वाजवला. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली.

“मास्तर, लई भारी! हे कुणाचं?”

“चीनच्या सम्राटाचं, साहेब.”

“असं का? मग माझ्या एंट्रीला हेच ठेवा.” पीए हसला, म्हणून सगळे हसले.

मी उभी राहिले. “साहेब, अजून तीन भाग आहेत. पूर्ण वाजवायला मिळावं अशी बँडची विनंती आहे. सभेच्या आधी किंवा नंतर, कधीही.”

“कुणाची ग तू?”

मी बाबांचं नाव सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. “पत्रकवाल्याची! अगं मग बापाला सांग, आमचं बी एक छाप कवातरी.” मग त्यांनी विचारलं, “बरं, शेवटाला काय होतंय त्या राजाचं?”

“मरतो. आणि शेतकरी उठतात.”

साहेब मोकळेपणानं हसले. मला राग आला तो त्या मोकळेपणाचा. घाबरले असते तरी चाललं असतं. “शेवट कोण ऐकतंय बाई? तवर जेवणाच्या पंगती बसत्यात.”

जाता जाता पीएनं सांगितलं, दुष्काळ आहे, यंदा सभा साधेपणानं. हारतुरे स्वीकारले जाणार नाहीत, तसं जाहीरच केलंय. गाडीतून उतरून साहेब सरळ खुर्चीवर.

म्हणजे आधी निदान सत्कार व्हायचे, हार पडेपर्यंत पाहुणा उभा राहायचा, दोन भाग तरी निघाले असते. साधेपणानं आमचा तोही वेळ खाल्ला. दुष्काळात साधेपणा कुणाच्या वाट्याला येतो बघा. मंडप तेवढाच होता, पंगती तेवढ्याच होत्या, कमी झालं ते संगीत.

मास्तर कागद गोळा करायला लागले. तेव्हा मामांनी ढोलावर हलकेच थाप मारली.

“मास्तर, साहेब उभे हायत तोवर बँड, खरं का न्हाई?”

“खरं.”

“मग साहेब कशानं उभे ऱ्हातेत? हारानं.”

“हार बंद हायत.”

“नको म्हणायचं आन् मान पुढं करायची, ही रीत हाय आपली. कुणी घातलाच तर काढून फेकतेत का? आन् आपल्याला एकच हार लागतोय. पयला. एका गावाचा पडला की दुसऱ्या गावाचा सोसायटी चेअरमन घरी झोपंल का? लोकं गाडीत हार लपवून आणणार, माझ्याकडनं लिहून घ्या.”

पहिला हार अशा कुणी घालायचा की पीएला हात धरता येणार नाही. ठरलं: होस्टेलवरची माझी मैत्रीण, ‘विद्यार्थिनींतर्फे’. आणि हार मी करायचा.

“पाचटाचा करते,” मी म्हणाले. “वाळल्या उसाच्या पाचटाचा. तोच शोभेल.”

“पाचट घातलंस तर आमी पयल्या भागातच गप,” मास्तर म्हणाले. “तुला अपमान पायजे का शेवट?”

मला दोन्ही पाहिजे होतं. दोन्ही का मिळू नये, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

फुलं नव्हतीच. मग मी खाटेखालचा गठ्ठा ओढला. बाबांची पाण्याची पत्रकं पिवळ्या कागदावर होती, अगदी झेंडूचा पिवळा. मी ती चुण्या घालून दुमडायला बसले. मजकूर आत, कोरी बाजू बाहेर. बाबा कामावरून आले, दारातच थांबले.

“काय चाललंय?”

“हार.”

“कुणाला?”

मी सांगितलं. का, तेही सांगितलं. बाबांनी एक फूल उचलून उलगडलं, स्वतःचंच वाक्य वाचलं, परत दुमडून ठेवलं.

“हे वाचायला छापलेलं होतं, ओवायला नाही.”

“कुणी वाचलं, बाबा?”

ते म्हणाले, “त्याला उभा ठेवायला तू माणसं गोळा करतीस, आणि आम्ही इतकी वर्षं त्याला खाली बसवायला बघतोय. तुमच्या त्या शेवटानं होणार काय?”

“पूर्ण होईल,” मी म्हणाले. ते कमी आहे हे मला म्हणतानाच कळत होतं.

बाबाही सभासद होते, आजोबांच्या नावचा एक शेअर त्यांच्याकडं आलेला. दर वर्षी ते सभेला प्रश्न घेऊन जायचे आणि दर वर्षी माइक त्यांच्यापर्यंत यायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ होऊन सभा संपायची. यंदाही जाणार होते.

सभेच्या दिवशी ऊन असं होतं की बँडच्या टोपीखाली डोकं उकडून निघत होतं. गाडी आली. मास्तरांनी हात उचलला आणि सम्राट आला. कॉर्नेट चढले, मामांचा ढोल मंडपाच्या खांबांना लागला. साहेब व्यासपीठावर चढले, हात जोडले, खुर्चीकडं वळले. पीएची मूठ वर जायला निघाली तेवढ्यात माझी मैत्रीण पायऱ्या चढली आणि पिवळा हार पुढं केला.

“अगं नको नको,” साहेब म्हणाले, आणि मान पुढं केली.

मामा खरे ठरले, मामांच्या अंदाजापेक्षाही जास्त. पहिल्या रांगेतले एक धोतरवाले गृहस्थ ताडकन उठले, त्यांच्या माणसानं खुर्चीखालून पिशवी काढली. नगरहून आणलेला खरा झेंडू. ते बघून शेजारच्या गावाचे उठले. मग कापडी हार आले, प्लॅस्टिकचे आले, शाली आल्या. ज्यांनी जाहीर सूचना मानून हार आणला नव्हता त्यांचे चेहरे बघवत नव्हते; एकानं दुसऱ्याच्या हाराला हात लावून दोघांचा मिळून घातला. पायऱ्यांवर रांग लागली. साहेब दर वेळी “नको नको” म्हणत होते आणि उभे होते.

आणि आम्ही वाजवत होतो. भिंत पूर्ण झाली. मासळीच्या गाड्या निघाल्या, खालच्या स्वरात, खरडत. साहेबांचा गळा हारांत बुडाला होता, हनुवटी वर करून ते फोटोला बघत होते. मास्तरांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांनी एकदाही मागं व्यासपीठाकडं पाहिलं नाही.

चौथा भाग. आम्ही वाद्यं खाली घेतली आणि चुटक्या सुरू केल्या.

मंडपात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “काय रं हे? बँडवाले कुत्रं बोलावतेत का?” हशा पिकला. मांड्यांवर बोटं आली तेव्हा आणखी हसले. गोदामातल्या पत्र्याखाली भरून येणारा पाऊस कापडी मंडपात विरून गेला. ज्या एका आवाजावर त्या गर्दीनं मान वर करायला हवी होती, त्यावर ती हसली. मला ओरडायचं होतं, अरे, हे तुमचंच चाललंय! पण तेवढ्यात ढोल उठला, कॉर्नेट उठले, सगळे मिळून कोसळले, आणि माझा सूर आला.

तो मी धरला. ओठ सुकले होते, रीड कोरडी पडत होती, तरी धरला. बारीक केला, आणखी बारीक, आणि सोडला.

मास्तरांचा हात वर होता. कुणी श्वास सोडला नाही. बँड अचानक तुटला म्हणून गर्दीही गप्प झाली. पीए गोंधळून आमच्याकडं वळला, हार घालणारा हारासकट थबकला. ती रिकामी जागा आम्ही वाजवत होतो.

आणि मागच्या बाजूनं, जिथं सतरंजी संपून माती लागते तिथून, बाबांचा आवाज आला.

“चेअरमनसाहेब, सभासद बोलतोय. धरणातलं पिण्यासाठी राखलेलं पाणी कुणाच्या उसाला गेलं?”

माइकशिवाय. सबंध मंडपात ऐकू गेलं. माना मागं वळल्या. साहेबांचं हसू हारांच्या वर तसंच होतं, पण खाली त्यांचा हात झेंडूचं एक फूल चुरत होता, ते मी पाहिलं.

“आमच्या गावाला टँकर—” बाबांनी पुढचं सुरू केलं.

“मास्तर!” पीए ओरडला. “साहेब उभे हायत! वाजवा!”

आमचाच नियम. जो वाकवून आम्ही शेवटापर्यंत आलो होतो, तोच त्यानं उचलून आमच्या अंगावर टाकला. साहेब उभे होते. आम्हीच उभे ठेवले होते.

मास्तरांचा हात खाली आला नाही. त्यांचे डोळे माझ्यावर होते, की माझ्या मागं कुठंतरी, मला सांगता येणार नाही. पीए पायऱ्या उतरून आमच्याकडं यायला लागला. मामा कारखान्यात कायम नोकरीवर होते, घरी दोन पोरींची लग्नं होती. मामांनी मास्तरांकडं पाहिलं, पीएकडं पाहिलं, आणि काठी ढोलावर पडली. पहिल्या भागाचा ठोका. कॉर्नेटवाल्यांचे हात सवयीनं वर गेले. सम्राट पुन्हा आला.

मी वाद्य तोंडाला लावलं नाही. बाबांचे ओठ हलताना दिसत होते. ते बराच वेळ हलत होते.

त्या चीनमध्येही पुढं असंच झालं. डोलारा पडल्यावर जो जिंकला तो शेतकऱ्याच्या घरचाच होता, आणि तोही सम्राटच झाला. रचनाकारानं ते लिहिलं नव्हतं. आमच्या पीएनं ते पूर्ण केलं.

सभा झाली. ‘मंजूर, मंजूर’ झाली. पंगती बसल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की हारतुरे नाकारूनही सभासदांचं प्रेम आवरलं नाही. हारांचा ढीग मंडपामागं पडला होता, तिथं एक शेळी शिरली. चाऱ्याचे दिवस नव्हते. तिनं खरा झेंडू आधी संपवला आणि मग माझी पिवळी फुलं. बाबांच्या पत्रकाचा शेवटच्या ओळीपर्यंत फडशा पाडणारी मला माहीत असलेली ती पहिली.

वाद्यं स्टोअरमध्ये गेली. मामा माझ्याशी नजर मिळवत नव्हते आणि मला त्यांचा राग नीट करताही येत नव्हता, हा आणखी एक राग. मास्तर गावी निघाले तेव्हा मी त्यांना सोडायला मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत गेले. एका ढाब्याच्या बाकावर पत्र्याची पेटी ठेवून आम्ही एसटीची वाट बघत होतो. मास्तर खुशीत होते. मला ते सहन होईना.

“मास्तर, तुम्हाला शेवट मिळाला. बाकी कुणाला काय मिळालं? लोक हसले. आणि नंतर आपणच माझ्या बापाचा आवाज दाबला.”

“दाबला,” मास्तर म्हणाले. “खोटं न्हाई. पण शेवट वाजला का न्हाई?”

“कुणी ऐकला?”

“तुझ्या बापानं.” त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “त्यो इतक्या वर्षांत कवा उभा ऱ्हायला न्हाई असा नेमका तवाच कसा उभा ऱ्हायला? संगीत कळल्याबिगर माणूस तसा उठत न्हाई, पोरी.”

एसटी आली, ते गेले.

मी घरी येऊन बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा शाईचे हात रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होते. साबणाला पाणी नव्हतं.

“मास्तर भला माणूस आहे,” ते म्हणाले. “पण मला त्यातलं काय कळतंय? सगळे गप झाले, म्हणून मी उठलो.”

“पण ते गप्प आम्ही केले होते, बाबा.”

बाबांनी बोळा बाजूला ठेवला.

“मग अजून थोडा वेळ करायचे होते,” ते म्हणाले. “टँकरचं राहिलं.”